मठाच्या फाट्यावरचा बाण

व्हिलार, १८ मार्च

प्रिय रेजीस,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे. वरच्या रानात सावलीच्या जागी अजून बर्फ टिकून आहे आणि रोमन रस्त्यावर बीचची तीन मोठी झाडं आडवी झालीत. ती कापून बाजूला करायला सायकल मंडळाला दोन रविवार लागतील. शाळेच्या स्वयंपाकघरात नवी भट्टी आली आहे, ती एका बाजूने करपवते आणि दुसऱ्या बाजूने कच्चं ठेवते. झाल्या बातम्या.

आता कामाचं. मठाच्या तिसाव्या सायकलफेरीसाठी तू बारा अर्ज पाठवलेस, एक तुझा आणि अकरा तुझ्या ल्योंच्या मित्रांचे. मंडळाची चिटणीस अजून मीच आहे, त्यामुळे पाकीट माझ्याच हातात पडलं. अकरांपैकी सात जणांनी बॅटरीची सायकल लिहिली आहे. रानातले चढ चढायला ज्यांना विजेची तार लागते, त्यांना बाबांनी दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं असतं. पण असो, तू आता तिथल्या झगमगीत दुकानात अशाच सायकली दुरुस्त करतोस, तुला चालत असेल.

खरं सांगते, पत्र वाचून माझं डोकं फिरलं. पाच वर्षांत आईच्या नावावर नाताळची पाच कार्डं, मला एक ओळ नाही. आणि आता एकदम ‘मित्रांना मठ दाखवायचाय, तुझं सूप प्यायचंय, जमलं तर रात्रीचे दोघं-तिघं तुझ्याकडे उतरू’. जसं काही तू मागच्या आठवड्यात पाव आणायला म्हणून बाहेर पडला होतास.

तर गुरुवारी मंडळाची बैठक झाली. तुझे अकरा मित्र येऊ शकतात. तू येऊ शकत नाहीस. फुल्बेर आता अध्यक्ष आहे, तुला त्याची सवय माहीत आहे, बोलताना उभा राहतो आणि पट्टा वर ओढतो. तो म्हणाला, “ज्याच्यामुळे क्लोतिल्दबाई आज काठी घेऊन चालतात, त्याला पुन्हा आपल्या रानात सोडायचं? उद्या झाडू म्हणून मागे यायलाही हाच तयार होईल.” मग मत घेतलं. सगळे हात वर झाले. मंडळात आम्ही सहा जण आहोत.

झाडूचं काम काय असतं ते तुला शिकवायची गरज नाही, अठरा वर्षं तूच झाडू होतास. सगळ्यांच्या मागे राहायचं, शेवटचा सायकलस्वार नजरेआड होऊ द्यायचा नाही, आणि तो पुढे गेला की वाट दाखवणारा मागचा बाण उपटून पाठीवरच्या पिशवीत टाकायचा. बाणाला झाडूशिवाय दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बाबांनी हे नियम पहिल्या फेरीला केले आणि तेव्हापासून ते कोणी मोडले नाहीत, असं फुल्बेर बैठकीत म्हणाला. कोणी मोडले नाहीत, फक्त तू सोडून.

क्लोतिल्दबाई तेव्हा शाळेत नव्या शिक्षिका होत्या. गावात येऊन तीन आठवडे झाले होते, शाळेतल्या मुलांनी हट्ट केला म्हणून उसन्या सायकलवर निघाल्या. आणि तू त्यांना रोमन रस्त्यावर सांगितलंस की तुम्ही व्हा पुढे, मठात टेबल आहे, तिथे थांबा, मी बाण काढत येतो. असं कोणता झाडू करतो? ते तू केलंस, ते तुझंच आहे, त्यातून तुला कोणी सोडवणार नाही. त्या मठ ओलांडून फाट्यावर पोचल्या तेव्हा तिथे बाण नव्हता. डावीकडे गिरणीकडे वळायचं ते सरळ गेल्या, आणि भिक्षूंच्या तळ्याच्या मोडक्या पायऱ्यांवरून सायकलसकट खाली. दुपारी दोन ते पाच तिथे पडून होत्या. कंबरेचं हाड दोन ठिकाणी मोडलं.

आणखी एक. तिसाव्या वर्षाची पुस्तिका निघते आहे. तीस वर्षांच्या तीस नोंदी, प्रत्येक सायकलस्वाराला एक प्रत. पंचविसाव्या वर्षाच्या नोंदीत फुल्बेरने लिहिलंय की झाडू रेजीस कोर्बिए यांच्या निष्काळजीपणामुळे गंभीर अपघात झाला. छापखान्यात तीस एप्रिलला द्यायची आहे. हे तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते.

अकरा जणांचे क्रमांक सोबत जोडले आहेत. तुझा अर्ज परत पाठवते आहे.

मंडळाच्या वतीने,
आर्मेल कोर्बिए, चिटणीस


व्हिलार, ९ एप्रिल

रेजीस,

तुझं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला ल्योंचा पूल, मागे दोन ओळी. ‘बरं, नाही येत. पुस्तिकेत काय छापायचं ते छापू दे, तू मनाला लावून घेऊ नकोस.’

मी मनाला लावून घेऊ नको?

कार्ड वाचलं तेव्हा मी शाळेत साठ जणांचे बटाटे सोलत होते. सुरी बाजूला ठेवली, अंगणात गेले आणि कोंबड्यांना उगाच ओरडले. तू भांडत का नाहीस? तुझं नाव छापताहेत, दोनशे लोकांच्या हातात देताहेत, बाबांचं आडनाव आहे ते. एखाद्या माणसाने फुल्बेरला फोन करून शिव्या घातल्या असत्या. तू मात्र ‘बरं’ म्हणतोस. पाच वर्षांपूर्वीही असाच ‘बरं’ म्हणून गेलास. लोकांनी तुझ्या दुकानात सायकली टाकायचं बंद केलं, बरं. आईने शेजारणीला सांगितलं की रेजीस लहानपणापासूनच धांदरट, बरं. दुकानाला कुलूप, बरं. तिथे आता केस कापतात, तुला माहीत आहे का? बाबांची हातोडी टांगायच्या खिळ्यावर त्या केस कापणारीने टॉवेल टांगलेत.

पुस्तिकेचा मजकूर कोण टाइप करतं, विचार की. चिटणीस टाइप करते. ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द मी टाइप केलाय. एकदा चुकला, तर पुसून नीट पुन्हा केला. आणि त्या सहा हातांत एक हात माझा होता, हे तू पहिल्याच पत्रात मोजलं असशील. मोजूनही तू काही बोलला नाहीस, म्हणून तर हे लिहिते आहे.

कारण तुला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्या दिवशी, फेरी संपते त्या सभागृहाच्या मागे माझी गाडी उघडी होती, सुपाच्या पातेल्याखालून बाणाचं पिवळं टोक दिसत होतं, आणि तू तिथे उभा होतास. मी तुला पाहिलं. तू मला पाहिलंस. इतक्यात लोक बाईंना घेऊन आले, फुल्बेरने विचारलं, मठाच्या फाट्यावरचा बाण कोणी काढला, आणि तू म्हणालास, “मी. मला वाटलं, त्या पुढे गेल्या.”

तुला कोणी सांगितलं होतं?

आता सगळं लिहिते, एकदाच. त्या दिवशी रिमझिम होती. टेबल मठात, पडक्या कमानीखाली. फेरीला निघाले होते तुला सोडून दोनशे चौदा. टेबलाशी आलेल्या प्रत्येकाची मी पुठ्ठ्यावर एक रेघ मारत होते, दर वर्षी मारते तशी. दोनशे चौदावी रेघ मारली आणि म्हटलं झालं, सगळे गेले. तू दिसला नव्हतास, पण तू मागे बाण काढत रेंगाळत असशील असं धरून चालले. सूप संपलं होतं, टेबल आवरलं होतं, हात गारठले होते, आणि जंगलमालक बॅरनसाहेबांनी त्या वर्षी बजावलं होतं की सोमवारी सकाळी एक जरी बाण दिसला तर पुढच्या वर्षी रानातून वाट नाही. गाडी फाट्यालाच उभी होती. म्हटलं, रेजीसचं एक काम वाचेल. खुंटासकट उपटला आणि गाडीत टाकला. बाबांच्या नियमाला मी, त्यांच्या मुलीने, दोन मिनिटांत हरताळ फासला.

रेघ कशी चुकली ते मला महिन्याने कळलं. मंडळातले आपले आन्सेल्म. ते दोन वेळा आले होते. एकदा सॉसेज खाऊन गेले, कमानीमागे हेल्मेट काढलं, टोपी घातली आणि पुन्हा रांगेत. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, बाजारात, हसत हसत, की तुमच्या सॉसेजसाठी मी वेषांतर केलं होतं, आर्मेल. मी पण हसले. घरी येऊन संडासात दार लावून बसले.

पण राग मला आन्सेल्मचा नाही. तुझा आहे. तू ‘मी’ म्हणालास आणि माझ्या तोंडात बोळा कोंबलास. त्याच क्षणी मी बोलले असते तर बोलले असते. नंतर एक तास गेला, मग एक दिवस, मग तू गाव सोडलंस, आणि मग मी कोणत्या तोंडाने बोलणार होते? तू मोठा झालास आणि मी चोर झाले. आणि खरं ऐकायचंय? तू ‘मी’ म्हणालास तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं, तर सुटल्यासारखं वाटलं. त्याचा राग मला अजून येतो, आणि तो कोणाचा ते तू ओळख.

रोज बारा वाजता बाई जेवायला येतात. काठीचा आवाज आधी येतो. मी पाच वर्षं तो आवाज ऐकते आहे आणि तू मला लिहितोस, मनाला लावून घेऊ नकोस.

मला उत्तर पाठवू नकोस. कार्ड तर मुळीच पाठवू नकोस.

आर्मेल


व्हिलार, २ मे

प्रिय रेजीस,

काल घरोघरी मे महिन्याची शकुनाची फुलं वाटली. आईने तुझ्या नावाची एक जुडी पेल्यात ठेवली आहे. असं तिने पाच वर्षांत केलं नव्हतं. का केलं ते सांगते, पण ओळीने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

मागच्या मंगळवारी, जेवण झाल्यावर, मुलं अंगणात पळाली आणि बाई एकट्याच टेबलाशी बसल्या होत्या. मी समोर बसले आणि सांगितलं. सूप, रेघा, बॅरनसाहेब, बाण. मी खूप तयारी केली होती, त्यातलं निम्मं विसरले. त्या ऐकत होत्या. त्यांच्या ताटात सफरचंदाच्या टार्टचा तुकडा होता, मी वाढलेला. माझं बोलून संपलं तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला.

“पाच वर्षं तुम्ही मला सगळ्यांत मोठा तुकडा वाढता आहात,” त्या म्हणाल्या. “मला वाटायचं, मी तुम्हाला आवडते.”

मी म्हटलं, आवडताच. पण ते वाक्य माझ्याच कानाला खोटं लागलं. त्या उठल्या, काठी घेतली आणि ताट तसंच ठेवून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या घरून डबा आणतात आणि वर्गातच खातात. स्वयंपाकघरात आता बारा वाजता काठीचा आवाज येत नाही. तो ऐकू येत होता तेव्हा सोपं होतं, असं आता वाटतं.

गुरुवारी मंडळासमोर बोलले. आन्सेल्म खाली बघत राहिले. सॉसेजची गोष्ट मी सांगितली नाही, त्यांनीच उठून सांगितली. फुल्बेरने मात्र पट्टा वर ओढला आणि म्हणाला, झालं ते झालं, पुस्तिका तयार आहे, आता गावात उगाच चिखल कशाला.

मी म्हटलं, “नोंदीतलं नाव काढ. माझं घाल.”

“तुझं घातलं तर लोक म्हणतील, मंडळाने पाच वर्षं चुकीच्या माणसाला दोष दिला.”

“म्हणू देत. तेच तर झालंय.”

मग आमची जुंपली. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही, आपल्या आईची मुलगी आहे एवढं समज. शेवटी मी पान तिथेच काढलं आणि त्याच्यासमोर पुन्हा टाइप केलं. टेबलावरच्या आर्मेल कोर्बिए यांनी नियम मोडून फाट्यावरचा बाण वेळेआधी काढला आणि ते पाच वर्षं लपवून ठेवलं. ‘लपवून’ हा शब्द फुल्बेरला नको होता. तो तिथेच आहे. तुझी चूकही मी लिहिली आहे, झाडू रेजीस यांनी शेवटच्या स्वाराला पुढे जाऊ दिलं. जेवढी तुझी तेवढीच, त्याहून चमचाभरही जास्त तुला देणार नाही. पुस्तिका ठरल्याप्रमाणे तीस तारखेला गेली.

आईला रविवारी जेवताना सांगितलं. तिने पावाचा तुकडा मोडला. मग म्हणाली, “म्हणजे मी उगाच बोलत होते त्याला.” आणि मला मीठ दे म्हणाली. संध्याकाळी बाबांचं पिवळ्या बाणांचं खोकं माळ्यावरून काढायला लावलं तिने मला, गुडघा धरून खाली उभी राहिली आणि जिना हलतोय म्हणून ओरडत राहिली. एक्केचाळीस नंबरचा, मठाच्या फाट्यावरचा बाण त्यात नाही हे तिने मोजून काढलं. तो माझ्या कपाटात होता, चादरींखाली. तिच्या हातात नेऊन दिला.

आता मुद्द्याचं. काल सकाळी बाई आमच्या घरच्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. आत आल्या नाहीत, खुर्ची दिली ती घेतली नाही. म्हणाल्या की त्या यंदा फेरीत येणार आहेत. छोट्या, बारा किलोमीटरच्या वाटेने, तीही मठावरून जाते. हळू जातील, सगळ्यांत शेवटी असतील. त्यांनी दोन अटी घातल्या. पहिली, झाडू म्हणून रेजीस कोर्बिए हवा आणि या वेळी त्याने त्यांना एक क्षणही नजरेआड होऊ द्यायचं नाही. त्या म्हणाल्या, तुझ्यावरही त्या रागावल्याच आहेत, आणि तो राग त्यांना सायकलवर बसूनच काढायचाय.

दुसरी अट माझ्यासाठी होती. मी टेबलावर नको.

मी कबूल केलं. तीस वर्षांत पहिल्यांदा मठातल्या सुपाला माझा हात नसेल. फुल्बेरची बायको करेल, म्हणजे ते भांडी धुतलेलं पाणी असेल, तुझ्या मित्रांना आधी सांगून ठेव. काल संध्याकाळीच मंडळाने तुझा अर्ज मंजूर केला, या वेळी पाच हातांनी. मी हात वर केला नाही, कारण मी राजीनामा दिला होता.

दुसरी कोणतीही बहीण असती तर इथे क्षमा मागितली असती. मी मागत नाही. तू मला न विचारता माझं ओझं उचललंस, त्यासाठी मी तुझ्याशी भांडणार आहे, समोरासमोर, आईच्या टेबलावर, आणि या वेळी तू ‘बरं’ म्हणालास तर वाडगा फेकून मारीन. मी तुझं नाव टाइप केलं, त्यासाठी तूही भांड. नुसता गप्प बसायला येणार असशील तर येऊ नकोस.

अकरा तारखेला सकाळी सात वाजता मी मठाच्या फाट्यावर असेन. एक्केचाळीस नंबरचा बाण जमिनीत रोवणार नाही, हातात धरून उभी राहणार आहे, त्याचं टोक डावीकडे करून. दोनशे जण जातील, काही जण पुस्तिका वाचून आलेले असतील, ते बघतील तसं बघू देत. मी रेघा मारणार नाही, मोजणार नाही. बाई आणि त्यांच्या मागे तू, दोघं माझ्यासमोरून गिरणीकडे वळेपर्यंत मी हलणार नाही. पाऊस आला तरी.

त्यानंतर तो बाण माझ्याकडून घे. काढायचा हक्क तुझाच आहे.

फाट्यावर,
तुझी आर्मेल